गुलाब अ‍ॅब्सोल्युटचा दम आणि दर्जा : प्रकल्प नोंदी, वागळे इस्टेट, ठाणे

२ जून

काम ठरलं ते असं: नैसर्गिक परफ्यूमसाठी गुलाबाचं अ‍ॅब्सोल्युट निवडायचं आणि पुढच्या प्रत्येक लॉटला लावता येईल अशी चाचणीची पद्धत बसवायची. चार नमुने आले. क म्हणजे तुर्कस्तानातल्या इस्पार्टा भागातलं, रोझा डॅमसीना या जातीच्या गुलाबाचं. ख बल्गेरियाचं, कझानलाक खोऱ्यातलं, तेही डॅमसीनाच. ग मोरोक्कोचं, लेबलवर रोझा सेंटिफोलिया. घ च्या लेबलवर देशच नाही, नुसतं ‘रोझ अ‍ॅब्सोल्युट प्युअर’. ख चा दर १०० धरला तर क ८५, ग ९० आणि घ ५०.

अत्तर वापरणाऱ्यांना रूह गुलाब किंवा ओटो ओळखीचा असतो, पण अ‍ॅब्सोल्युट ही वेगळी चीज आहे. ओटो पाण्याच्या वाफेवर काढतात. अ‍ॅब्सोल्युटसाठी पाकळ्या हेक्झेनमध्ये भिजवतात, हेक्झेन उडवल्यावर मेणासारखं काँक्रीट उरतं, ते अल्कोहोलमध्ये विरघळवून थंड करतात, बसलेलं मेण गाळतात आणि अल्कोहोल काढून टाकतात. फेनिल इथाइल अल्कोहोल (पुढे पीईए) पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून ओटो काढताना ते बहुतेक गुलाबपाण्यात जातं आणि ओटोत १ ते ३ टक्केच राहतं. अ‍ॅब्सोल्युटमध्ये मात्र निम्म्याहून जास्त वजन त्याचंच असतं. भेसळ करणाऱ्याला याच गोष्टीचा फायदा मिळतो: अस्सल मालात जे मुळातच भरपूर आहे, तेच कारखान्यात बनलेलं स्वस्त द्रव्य आणखी ओतलं तर नाकाला सहज कळत नाही.

खोलीबद्दल. शेजारच्या गाळ्यात छपाई चालते, अकरानंतर थिनरचा वास येतो. म्हणून वास घेण्याचं काम सकाळी ८ ते १० मध्येच. एसी २५ अंशांवर, उदबत्ती नाही, डबा खोलीबाहेर.

३ जून

चारही बाटल्या झाकण घट्ट लावून ४० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवल्या, मग काचेच्या कांडीने ढवळल्या. ख आणि क लालसर तपकिरी, काकवीसारखे दाट. ग नारिंगीकडे झुकणारा. घ सगळ्यांत पातळ आणि पिवळसर. रंगावरून निकाल देत नाही, कारण काही अ‍ॅब्सोल्युटचा रंग मुद्दाम उतरवलेला असतो. पण एवढा पातळपणा लिहून ठेवला.

१० टक्क्यांचं द्रावण: ०.५०० ग्रॅम अ‍ॅब्सोल्युट, ४.५०० ग्रॅम परफ्युमर्स अल्कोहोल. सगळं वजनाने, थेंबांनी काहीच नाही. दाट अ‍ॅब्सोल्युटचा एक थेंब आणि पातळ अ‍ॅब्सोल्युटचा एक थेंब यांच्या वजनात इतका फरक पडतो की तीव्रतेची तुलना तिथेच बिघडते. त्यातून ०.५०० ग्रॅम घेऊन पुन्हा ४.५०० अल्कोहोल, म्हणजे १ टक्का. वजन करून झाकण लावल्यावर बाटली परत काट्यावर ठेवली. उघड्यावर अल्कोहोल उडतं, दोन मिनिटांत तिसऱ्या दशांशस्थानी फरक दिसतो.

नुसत्या अल्कोहोलची स्वतंत्र पट्टीही (वास घ्यायची कागदी पट्टी, म्हणजे ब्लॉटर) करून पाहिली. आपल्याकडे परफ्युमरीच्या स्पिरिटमध्ये डायइथाइल थॅलेट (डीईपी) मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना कधीही आपल्या द्रावणातून द्यायचा नाही, मूळ बाटलीतूनच द्यायचा.

४ जून

चूक सापडली. ख चं जास्तीचं एक द्रावण काल घाईत, बाटली पाण्यात ठेवण्याआधीच, वरच्या थरातून केलं होतं. आज ढवळून केलेल्या ख शेजारी ठेवलं तर दोन वेगळे माल वाटावेत इतका फरक. थंड बाटलीत मेण आणि जड भाग खाली बसतो, वर पीईएने भरलेला पातळ भाग राहतो. वरचा नमुना नुसत्या गुलाबपाण्यासारखा, ढवळलेल्यात मध आणि लवंग दोन्ही. ते द्रावण फेकलं. यापुढे गरम करून, तळापर्यंत कांडी फिरवून मगच माल काढायचा.

बाटलीला नाक लावून केलेली नोंदही आज रद्द केली. न पातळ केलेल्या अ‍ॅब्सोल्युटमध्ये नाक दाटून जातं आणि सगळेच नमुने ‘जोरदार’ वाटतात. घ तर पहिल्या दिवशी वास घेणाऱ्या तिघांनाही सर्वांत जोरदार वाटला होता.

५ ते ७ जून

१० टक्के, ब्लॉटरवर. प्रत्येक पट्टीवर मायक्रोपिपेटने २० मायक्रोलिटर. पट्टी बुडवून घेतली तर दाट द्रव जास्त चिकटतो. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला फक्त कोड आणि वेळ. कोड लावणाऱ्याने त्या दिवशी वास घ्यायचा नाही. एका बैठकीत चारपेक्षा जास्त पट्ट्या नाहीत, दोन पट्ट्यांमध्ये एक मिनिट स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास. कॉफीच्या बिया ठेवल्या नाहीत, त्यांचा स्वतःचाच वास जड असतो.

५ मिनिटांनी:
घ सर्वांत पुढे. उजळ, हिरवट, जरा पुदिन्यासारखा गारवा. ख दाटसर, गुलकंद आणि मागे लवंग. क तसाच, थोडा तिखट. ग मऊ, मध आणि सुकलेलं गवत.

२ तासांनी:
घ मधला गारवा गेला, सपाट गुलाबपाणी राहिलं. ख मध्ये मनुका आणि शिजलेल्या सफरचंदासारखा गोडवा वर आला. क मध्ये तोच गोडवा कमी, मसाला जास्त.

२४ तासांनी:
ख आणि क ची पट्टी डोळे मिटूनही गुलाब म्हणून ओळखू येते. ग मध्ये मध आणि मेण. घ च्या पट्टीवर जवळजवळ काही नाही.

४८ तासांनी ख आणि क वर मेणचट, तुपकट गोडवा शिल्लक. हा वास अ‍ॅब्सोल्युटचाच असतो. नवीन माणसाला तो खराब वाटण्याची शक्यता आहे, म्हणून नोंद.

९ जून

नाकांचीच तपासणी. बीटा-आयोनोनचं ०.१ टक्के द्रावण तिघांना दिलं. दोघांना व्हायोलेटच्या फुलांचा वास स्पष्ट आला, एकाला काहीच नाही. हा दोष नव्हे: बीटा-आयोनोन जाणवणं हे वासाच्या एका ठरावीक ग्राहीच्या जनुकावर ठरतं आणि बऱ्याच लोकांना ते जन्मतःच जाणवत नाही. त्या तिसऱ्या नाकाचं मत तीव्रतेसाठी धरायचं, पण फळासारख्या-व्हायोलेटसारख्या छटेबद्दल धरायचं नाही. एकट्याच्या नाकावर गुलाब विकत घेणाऱ्याने ही चाचणी आधी करावी. एक मिलिलिटर द्रावणात काम होतं आणि वर्षानुवर्षांचा गैरसमज टळतो.

१२ जून

आज मुद्दाम भेसळ केली. भेसळीचा वास ओळखायचा तर ती स्वतःच्या हाताने, माहीत असलेल्या प्रमाणात करून पाहावी लागते. ख चं १० टक्के द्रावण घेतलं आणि तेवढ्याच ताकदीची दुसरी द्रावणं मिसळली.

पहिलं: ७० भाग ख, ३० भाग पीईए. पहिल्या दहा मिनिटांत फरक जवळपास कळत नाही. अर्ध्या तासानंतर मधला भाग पोकळ होतो. गुलाब आहे, पण पाणी घातल्यासारखा.

दुसरं: ८० भाग ख, २० भाग जिरेनियमचं तेल. वर हिरवट गारवा. तिघांनीही एकाच वेळी घ कडे पाहिलं.

तिसरं: ८५ भाग ख, १५ भाग पामारोझा, म्हणजे आपलं रोशा गवताचं तेल. गवती, लिंबाच्या सालीसारखी धार, आणि ती धार दोन तास टिकते.

चौथं: ७० भाग ख, ३० भाग डायप्रोपिलीन ग्लायकॉल (डीपीजी), जवळजवळ बिनवासाचं विद्रावक. ही सर्वांत फसवी. वासाचं रूप तेच राहतं, फक्त आवाज कमी होतो. नाकाने वासाचा प्रकार तपासला तर ही भेसळ सुटते, ती तीव्रता मोजूनच सापडते.

१३ जून

पाण्यात हलवून बघण्याची जुनी युक्ती अ‍ॅब्सोल्युटला चालत नाही. ०.५ ग्रॅम अ‍ॅब्सोल्युट ५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात हलवलं: डीपीजी पाण्यात जातं हे खरं, पण पीईएही पाण्यात साधारण २ टक्क्यांपर्यंत विरघळतं. चांगला मालही पाण्यात ‘कमी’ होतो. कागदावरचा तेलकट डागही तसाच, अ‍ॅब्सोल्युटमधलं स्वतःचं मेण डाग ठेवतं. दोन्ही चाचण्या यादीतून काढल्या.

१४ जून

अपवर्तनांक (द्रवात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा), अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटरवर, २० अंशांवर. आधी ऊर्ध्वपातित पाणी, १.३३३ यायलाच हवं. ख १.५०५, क १.५०६, ग १.५०८, घ १.५१७.

पीईएचा अपवर्तनांक १.५३२, गुलाबातलंच दुसरं सुगंधी द्रव्य सिट्रोनेलॉल, त्याचा १.४५६ च्या आसपास, डीपीजीचा १.४४१. म्हणजे घ मध्ये पीईए वाढलेलं आहे हे इथेच दिसतं. पण या आकड्यावर विसंबायचं नाही. कागदावर हिशेब केला: ६० भाग ख, २८ भाग पीईए, १२ भाग डीपीजी. येणारा आकडा साधारण १.५०५, म्हणजे अस्सल ख इतकाच. एक भेसळ काटा वर नेते, दुसरी खाली आणते, आणि ४० टक्के भेसळीचा माल तपासणीतून सहीसलामत पार होतो. डीईपीचा आकडा तर मुळातच १.५० च्या जवळ, त्यामुळे ते कितीही घातलं तरी काटा फारसा हलत नाही. आकडा चुकला तर माल नाकारता येतो, पण तो जुळला एवढ्यावर माल स्वीकारता येत नाही.

तापमान पाळणं महत्त्वाचं, एका अंशाला साधारण ०.०००४ चा फरक पडतो. ठाण्याच्या जूनमध्ये ३१ अंशांच्या खोलीत घेतलेला आकडा २० अंशांच्या कोष्टकाशी ताडला तर ०.००४ ची चूक आधीच झाली.

१६ जून

पुढच्या आठवड्याच्या मुख्य चाचणीसाठी बेस (परफ्यूमचा गुलाब सोडून बाकीचा भाग) केला, १६ ग्रॅम: बर्गमॉट ६, चंदन तेल ५, खस २, पॅचौली १, बेन्झॉइन २. लवंग मुद्दाम टाळली, कारण तिच्यातलं युजेनॉल गुलाबातही आहे आणि निकाल गढूळ झाला असता.

दहा बाटल्या. प्रत्येकीत बेस १.६०० ग्रॅम, त्यात गुलाब, वर अल्कोहोल, एकूण १०.००० ग्रॅम. गुलाब १० टक्क्यांच्या द्रावणातून घातला: ०.१०० ग्रॅम अ‍ॅब्सोल्युट थेट मोजताना काट्याची एका मिलिग्रॅमची चूक म्हणजे १ टक्का, तेच १.००० ग्रॅम द्रावण मोजताना ०.१ टक्का. अ‍ॅब्सोल्युटच्या हिशेबात प्रमाणं अशी: ख ०.१०० (हाच संदर्भ), क ०.१००, ०.११०, ०.१२०, ग ०.१००, ०.१३०, ०.१४०, घ ०.१००, ०.१५०, ०.२००. बाटल्या अंधारात, सात दिवस.

१८ जून

तीव्रतेची शिडी. १ टक्क्यापासून दर पायरीला निम्मं: ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६३, ०.०३१, ०.०१६, ०.००८. प्रत्येक पायरीवर तीन पट्ट्या, दोन नुसत्या अल्कोहोलच्या, एक नमुन्याची, दोन मिनिटं सुकवून. वेगळी कुठली ते सांगायचं. तिघे, प्रत्येकी तीनदा, एकूण नऊ. नुसत्या अंदाजाने सरासरी तीन बरोबर येतात. नवापैकी सहा बरोबर आले तरच पायरी पार, कारण नुसत्या नशिबाने सहा येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते.

ख आणि क ०.०१६ पर्यंत पार. ग ०.०३१ पर्यंत. घ ०.०६३ लाच थांबला. पहिल्या दिवशी सर्वांत मोठा वाटलेला नमुना पातळ केल्यावर सर्वांआधी हरवला.

कारण सरळ आहे. पाण्यात पीईए नाकाला कळायला साधारण ७५० पीपीबी (अब्ज भागांत ७५० भाग) लागतं, बीटा-डॅमसीनोनला ०.०१ पीपीबीहूनही कमी पुरतं. डॅमसीनोन १९७० मध्ये बल्गेरियन गुलाबतेलातून ओळखलं गेलं, प्रमाणाने ते कणभर, पण वासातला त्याचा वाटा फार मोठा. पीईए ओतून वजन वाढतं, आणि ज्याच्यावर वासाचा दम उभा आहे ते कणभर द्रव्य त्याच मापात पातळ होत जातं.

१९ जून

पाऊस जोरात, आर्द्रता फार. ब्लॉटरचं उघडं पाकीट मऊ पडलं होतं, ओलसर पट्ट्यांवर द्राव नीट पसरत नाही. नवीन पाकीट हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. अल्कोहोलचा कॅनही दर वापरानंतर लगेच बंद, तो हवेतलं पाणी ओढतो आणि मग द्रावणं उगाच धुरकट होतात.

२३ ते २५ जून

शिडीवरून नमुन्यांचा क्रम कळतो, सूत्रात किती घालायचं ते कळत नाही. ते बेसमध्येच पाहावं लागतं. दोन पट्ट्या, एक संदर्भ, एक नमुना, कोड झाकलेले, एकच प्रश्न: गुलाब कुठे जास्त? तिघे, प्रत्येकी चार जोड्या, एकूण बारा उत्तरं. उत्तरं ५-७ किंवा ६-६ अशी विभागली तर दोन्ही सारखे धरले. पट्ट्या ३० मिनिटांनी आणि पुन्हा ४ तासांनी.

क, ०.१००: बारापैकी नऊ उत्तरांत संदर्भ जास्त. ०.११०: ६-६. ०.१२०: नमुना जास्त. म्हणून क चा गुणक (ख च्या किती पट घालायचा तो आकडा) १.१.

ग, ०.१००: बाराच्या बारा संदर्भाकडे. ०.१३० ला ८-४, ०.१४० ला ७-५. गुणक १.४. पण हा वेगळा गुलाब आहे. खसाच्या मातकटपणावर ग चा मध छान बसतो, चंदनाशी मात्र तो विरघळून जातो. त्याला कमकुवत म्हणणं अन्यायाचं होईल, आपल्या या बेसला तो योग्य नाही एवढंच.

घ, ०.१००: गुलाब जवळपास नाही, बर्गमॉटखाली दबलेला. ०.१५०: गुलाबपाणी. ०.२००: आणखी गुलाबपाणी, आणि जिरेनियमचा हिरवटपणा बर्गमॉटला चिकटून साबणासारखा. संदर्भाशी कुठल्याच प्रमाणात जुळला नाही, त्यामुळे त्याला गुणकच देता येत नाही. गुणक फक्त तिथेच खरा, जिथे वासाचं रूप सारखं आहे आणि फरक फक्त प्रमाणाचा आहे.

दराचा हिशेब: क ८५ गुणिले १.१ म्हणजे ९३.५, ख पेक्षा स्वस्त. ग ९० गुणिले १.४ म्हणजे १२६. घ निम्म्या दराचा, पण दुप्पट घातला की खर्च ख एवढाच, आणि हवा तो गुलाब तरीही मिळत नाही.

१ जुलै

जीसी-एमएसचा (मालातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा) अहवाल आला. पीईए: ख ६६, क ६८, ग ७२, घ ८४ टक्के. घ मध्ये आलेखावर आयसोमेंथोन आणि सिट्रोनेलिल फॉर्मेटची शिखरं, दोन्ही जिरेनियमच्या खुणा. पाचव्या मिनिटाचा पुदिन्याचा गारवा तो आयसोमेंथोनचाच होता. डीपीजी कुठेच नाही. असतं तर त्याच्या समघटकांची जवळजवळची शिखरं दिसली असती.

अहवाल वाचताना एक लक्षात ठेवायचं: हे टक्के शिखरांच्या क्षेत्रफळाचे आहेत, वजनाचे नाहीत. जड मेण आणि रंगद्रव्यं यंत्रातून नीट बाहेरच येत नाहीत, म्हणून उडणाऱ्या घटकांचे आकडे फुगलेले दिसतात. वजनाचे टक्के हवे असतील तर प्रयोगशाळेला अंतर्गत मानक (नमुन्यात मिसळलेलं माहीत वजनाचं द्रव्य) वापरून मोजायला आधीच सांगावं लागतं. सिट्रोनेलॉलचा संशय असेल तर कायरल स्तंभावर (रेणूची डावी-उजवी रूपं वेगळी करणाऱ्या नळीवर) वेगळी चाचणी: गुलाबात जवळजवळ फक्त डावं रूप, जिरेनियममध्ये दोन्ही रूपं. घ आधीच बाद असल्याने हा खर्च केला नाही.

क मध्ये मिथाइल युजेनॉल ०.४ टक्के. तयार परफ्यूममध्ये क १.१ टक्का, म्हणजे मिथाइल युजेनॉल ०.००४४ टक्के. IFRA ने (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने) या घटकाला उत्पादनाच्या प्रकारानुसार मर्यादा घातली आहे. प्रत्येक लॉटच्या स्वतःच्या अहवालावरून हा गुणाकार करून चालू कोष्टकाशी ताडायचा, ‘गुलाबात साधारण इतकं असतं’ यावर नाही.

३ जुलै

थंडीची चाचणी. १० टक्के द्रावणं फ्रिजमध्ये ४ अंशांवर २४ तास. ख आणि क मध्ये तळाशी पांढरट साका, ग मध्ये थोडा, घ स्वच्छ. साका हा दोष नाही, गाळून गेलेल्या मेणाचा उरलेला अंश आहे. तयार परफ्यूम थंड करून व्हॉटमन क्रमांक १ च्या कागदातून थंड असतानाच गाळायचा. खोलीच्या तापमानाला आला की मेण परत विरघळतं आणि ग्राहकाच्या एसीच्या खोलीत पुन्हा धुरकटपणा येतो.

४ जुलै

क ची २५ ग्रॅमची बाटली आली, लॉट क्रमांक नमुन्याचाच. नवीन बेस ८ ग्रॅम, त्याच प्रमाणात. चाचणीच्या बाटल्या भरून ठेवल्या.

११ जुलै

०.११० ला जुळत नाही, ०.१२० ला जुळतो. लॉट तोच असूनही दम साधारण ८ टक्के कमी. पुरवठादाराला कळवण्याआधी आपली पद्धत तपासली: बाटली मोठी, ४० अंशांवर दहाच मिनिटं ठेवलेली. कांडी तळाला लावून पाहिली तर खाली दाट थर तसाच. ४ जूनचीच चूक, फक्त २५ ग्रॅमला दहा मिनिटं पुरत नाहीत एवढाच फरक. परत ४० अंश, ३५ मिनिटं, दोनदा तळापर्यंत ढवळून नवं द्रावण, नव्या बाटल्या.

१८ जुलै

०.११० ला ६-६. अपवर्तनांक १.५०६. माल स्वीकारला. गरम आणि ढवळलेला असतानाच ५ ग्रॅमच्या पाच अंबर बाटल्यांत, गळ्यापर्यंत भरून, फ्रिजमध्ये. त्यातली एक पुढच्या लॉटसाठी संदर्भ, तिच्यावर लॉट, तारीख आणि ‘गुणक १.१, ख वर’ असं लिहिलं. सूत्रात गुलाब १.०० ऐवजी १.१० टक्के केला.